मोबाईल हातात आहे, पण शेजारी कोण आहे?



गेल्या पावसाळ्यात आपण मुलांसाठी ‘माझी आई’ या विषयावर निबंध स्पर्धा घेतली होती. आठवीतल्या एका मुलाचा निबंध मला फार आवडला. भाषा शुद्ध, अक्षर नेटके, एकही चूक नाही. मी त्याला पहिला नंबर दिला आणि रविवारी मिस्सेनंतर तो सर्वांसमोर वाचायला लावला. आईचे हात फुलासारखे मऊ आहेत, ती रोज रात्री मला पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवते, असे त्यात होते. त्याची आई समोरच बसली होती. ती दरवर्षी ऊसतोडीला जाते. तिच्या हातांना कोयत्याचे घट्टे पडले आहेत आणि तिला वाचता येत नाही. नंतर ती मला एवढेच म्हणाली, “फादर, लई चांगलं लिवलंय. पण ती बाई म्या न्हाई.”

मुलाला विचारले तेव्हा त्याने खरे सांगून टाकले. त्याने मोबाईलला प्रश्न टाकला, मोबाईलने निबंध लिहून दिला आणि त्याने तो वहीत उतरवला. मला त्याला रागावता आले नाही. मी त्यांच्या घरी जेवलो आहे, त्या माऊलीचे हात पाहिले आहेत. तरीही मी शुद्धलेखन तपासले, खरेपणा तपासला नाही. दोघांची परवानगी घेऊन हे लिहीत आहे, कारण हा प्रश्न एका घराचा नाही, आपल्या सर्वांचा आहे.

शिक्षणात नवे साधन येणे ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या जांब समर्थ येथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधात एक संपूर्ण समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा असाव्यात, लेखणी, शाई आणि कागद कसा असावा, याचा विचार त्यांनी केला. त्याच १६०८ साली तिकडे गोव्यात येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स आपल्या वरिष्ठांना रोमला पत्र लिहीत होते. येथील भाषेतली पुस्तके येथील लिपीत छापावीत, अशी त्यांची कित्येक वर्षांची इच्छा होती. पण युरोपातल्या चोवीस अक्षरांच्या जागी आपल्या लिपीसाठी सुमारे सहाशे साचे लागतील, ही अडचण होती. शेवटी १६१६ साली त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले. लेखणी असो की छापखाना, आपल्या पूर्वजांनी साधनाला शत्रू मानले नाही. लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी ते वापरले.

आजही तसे करणारे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायचे, तो मोबाईलने टिपला की कविता, चित्रफीत, गृहपाठ समोर येतो, ही त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. परंतु त्या कोडच्या आधी काय घडले, तेही पाहा. शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत होती. गुरुजींनी आधी त्या मुलींची भाषा शिकून घेतली, धडे त्या भाषेत नेले आणि मग त्यांना कोड जोडले. पुरस्काराची अर्धी रक्कमही त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटली. यंत्राच्या मागे माणूस होता, म्हणून यंत्र कामाला आले.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाईल आपल्या घरात शिक्षक म्हणून शिरला. ज्या घरात एकच मोबाईल होता, तेथे तो बापाबरोबर कामावर जाई किंवा मोठ्या भावाच्या हाती राही. धाकट्या बहिणीचा नंबर शेवटी लागे. आता तशी टंचाई राहिली नाही. ‘असर’ या २०२४ च्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारण्यात आले. ज्यांना स्मार्टफोन चालवता येतो अशांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे साधन घरात पोहोचले आहे. प्रश्न पुढचा आहे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ काढून वाचा. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत आहे. त्या काळी स्वतःच्या मालकीचे असे पुस्तक असणे ही केवढी श्रीमंती! पण हातात पुस्तक असूनही अर्थ लागत नाही. फिलिप धावत जातो आणि त्याला समजते आहे का, असे विचारतो. कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे तो उत्तर देतो आणि फिलिपला वर बोलावून शेजारी बसवून घेतो. लक्षात घ्या, फिलिपने त्याच्या हातातले पुस्तक काढून घेतले नाही. जेथे त्याचे वाचन अडले होते, तेथूनच त्याने येशूची सुवार्ता सांगायला सुरुवात केली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार अभ्यासला होता. गुरू हा वैद्यासारखा असतो. वैद्य औषध देतो, पण बरे व्हायचे ते रोग्याच्या शरीरालाच. तसे गुरू मदत करतो, पण समजून घ्यायचे ते शिष्याच्या बुद्धीलाच. दुसऱ्याने औषध घेतले तर आपला ताप उतरत नाही. यंत्राने गणित सोडवले, यंत्राने निबंध लिहिला, तर आपल्या मुलाच्या बुद्धीला काय मिळाले? व्हॅटिकननेही २८ जानेवारी २०२५ च्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या पत्रकात कृत्रिम बुद्धिमत्तेचे उपयोग मान्य केले. पण शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासाची जागा यंत्र घेऊ शकत नाही, असेही स्पष्ट केले.

त्या मुलाला मी एकच काम दिले. आईजवळ बस, तिला विचार आणि ती सांगेल ते लिही. चार दिवसांनी त्याने अर्धे पान आणले. शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका होत्या. आई तिसरीत असताना शाळा सुटली, कारण उसाच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हते, हे त्यात होते. मुलाला हे ठाऊक नव्हते. आईने सांगितले नव्हते, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. बक्षीस मी या अर्ध्या पानाला दिले.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा टोळ्या निघतील. बरोबर मुले जातील आणि मोबाईलही जाईल. मोबाईल नेऊ नका असे मी म्हणत नाही. कोपीवर बसून मुलगा त्यावर धडा ऐकेल तर देवाचे आभार माना. पण शक्य असेल तेथे मुलाला मागे, शाळेजवळ ठेवा. हंगामी वसतिगृहाबाबत गुरुजींना आजच विचारा. आणि प्रत्येक घराने रात्री रोझरीच्या आधी दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून मुलाला विचारावे, “आज काय शिकलास? मला समजावून सांग.” तुम्हाला लिहिता-वाचता येत नसले तरी हरकत नाही. उलट, ज्याला येत नाही त्याला समजावून सांगताना मुलाला स्वतःला किती समजले ते कळते.

दहावी-बारावी झालेल्या तरुणांना माझी विनंती आहे. दर शनिवारी संध्याकाळी एक तास चर्चमध्ये या, मोबाईल घेऊनच या, आणि एका लहान मुलाच्या शेजारी बसा. आपल्या धर्मग्रामाला फिलिप हवे आहेत. ज्यांची तयारी आहे त्यांनी आज मिस्सेनंतर मला भेटावे.

प्रभू येशू आपल्या मुलांना समजून घेणारी बुद्धी देवो आणि आपल्याला त्यांच्या शेजारी बसण्याची सवड देवो.

आपला,
धर्मगुरू