मजुराचं राहून गेलेलं शिल्प

राम सुतार यांचं नाव घेतलं की बहुतेकांना नर्मदेकाठचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा आठवतो. पण धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरहून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि तिथून वेरूळ-अजिंठ्याच्या जतनकार्यामार्गे दिल्लीला जाऊन स्थिरावलेल्या या शिल्पकाराचं पहिलं मोठं सार्वजनिक काम एका नदीचं होतं. १९६१ साली गांधीसागर धरणावर त्यांनी ४५ फुटांची चंबळ उभी केली. काँक्रीट छिन्नीने कोरून घडवलेली ही आई आहे आणि तिच्यापाशी दोन मुलं, मध्य प्रदेश आणि राजस्थान. पाणीवाटपाचा रुक्ष करार तिथे एका घरातलं नातं होऊन उभा राहिला. भाक्रा धरणाच्या मजुरांसाठी ५० फुटांचं ब्राँझ शिल्प करावं, ही नेहरूंची कल्पनाही याच वाटेवरची. ती मात्र साकार झाली नाही. सार्वजनिक शिल्प म्हणजे थोर पुरुषाचा पुतळा, ही आपली समजूत पक्की होत गेली ती पुढच्या दशकांत. सुतारांचं कौशल्य तेच राहिलं. त्यांच्याकडे मागणी कशाची होत होती, ते बदललं.

यावर कुणी म्हणेल, की शिल्पकार स्वतःच्या मर्जीने काम घेतो, मग दोष मागणाऱ्याला का द्यायचा? पण चित्रकार कॅनव्हास घरी रंगवून ठेवू शकतो, पन्नास फुटी ब्राँझला मात्र जागा, ओतशाळा आणि सरकारी मंजुरी लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: व्यक्तिपुतळ्यातही मोठी कला असते. हे मान्यच करायला हवं. संसद परिसरातले १९९३ चे ध्यानस्थ गांधी पाहावेत. मांडी घातलेला, स्वतःत मिटलेला तो देह सत्तेच्या दारात बसून काहीच मागत नाही, आणि त्यानेच माणूस थबकतो. फक्त १६ फुटांची ही मूर्ती. म्हणूनच पुतळ्याचं मोल फुटांत सांगण्याची सवय मला घातक वाटते. ती सुतारांवरही अन्याय करते.

थोर पुरुषांपलीकडे, कष्टकऱ्यालाही शिल्पात जागा द्यावी, हा विचार नवी मुंबईला विशेष लागू आहे. १९७० पासून सिडकोने वसवलेलं हे शहर आगरी-कोळ्यांच्या जमिनीवर आणि बाहेरून आलेल्यांच्या श्रमावर उभं राहिलं. ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवणाऱ्या या शहराने पक्ष्याला शिल्पात जागा दिली, हे चांगलंच झालं. नेत्याशिवायही शिल्प लोकांचं होऊ शकतं, हे त्यातून दिसलं. मग वाशीच्या एपीएमसीत पाठीवर गोणी, मान पुढे झुकलेली, पायाची बोटं जमिनीत रुतवून चालणारा माथाडी कुठल्या चौकाला नको असेल? त्यासाठी निधीपेक्षा आधी पालिकेने खुली स्पर्धा लावावी, निवड समितीत शिल्पकार बसवावेत आणि जाहिरातीत उंचीची अट घालू नये.