शिडावरचा आकडा

तुमच्या हातात एक काचेची प्लेट आहे असं धरून चला. साडेसहा बाय साडेआठ इंचांची, दिसायला पातळ, पण अंदाजापेक्षा जड. हातांत नायट्राइलचे मोजे आहेत, प्लेट फक्त कडांवर पेलली आहे आणि खाली टेबलावर काहीतरी मऊ अंथरलेलं आहे. लगेच उजेडासमोर धरू नका. आधी जरा तिरकी करा. एक बाजू चकचकीत दिसेल, दुसरी मंद. त्या मंद बाजूवर जिलेटिनचा थर आहे आणि थरात चांदीचे कण आहेत. चित्र म्हणजे एवढंच. काच नुसती आधाराला.

तिरक्या उजेडात कडेला निळसर, आरशासारखी झाक दिसते का? थरातली चांदी वर सरकून पृष्ठभागावर आली आहे. दमट हवा असेल, हलक्या कागदाचं पाकीट असेल, जुन्या लाकडी खोक्यातून सुटणारी आम्लं असतील. ती झाक पुसायला जाऊ नका, पुसली तर चित्रातलीच चांदी जाईल. कुठवर आली आहे तेवढं टिपून ठेवा.

आता उजेडासमोर धरा. ही निगेटिव्ह आहे, त्यामुळे आकाश काळं, शीड काळं आणि सावलीतलं बूड फिकट. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो, तो द्या. हळूहळू होडी उमटेल. चौदा फुटी लाकडी डिंगी. दोन माणसं वाऱ्याच्या बाजूला काठाबाहेर झुकलेली, आणि नाळेशी फुटलेलं पाणी.

अशी प्लेट आली कुठून असेल? इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइट बेटावर, काउज नावाचं गाव आहे. 1888 मध्ये बेकेन कुटुंब तिथे औषधांचं दुकान चालवायला आलं. समोरच्या सोलेंट सामुद्रधुनीतून येणाऱ्याजाणाऱ्या शिडांनी त्या घरातल्या फ्रँकला वेड लावलं. हलत्या लाँचवरून फोटो काढायला सोयीचा कॅमेरा मिळेना, म्हणून त्याने स्वतःच एक लाकडी पेटी बनवून घेतली. एकावर एक दोन भिंगं होती, वरच्यातून नेम धरायचा आणि खालच्यातून फोटो घ्यायचा. पेटी सांभाळण्यात दोन्ही हात गुंतलेले, म्हणून शटरसाठी रबरी फुगा दातांत धरायचा आणि नेमक्या क्षणी चावायचा.

इथे जरा थांबू या. खाली लाँच उसळते आहे, भिंगावर पाणी उडतं आहे, समोर होडी क्षणात कोन बदलते आहे आणि एक औषधविक्या दात आवळतो आहे. एक चावा, एक प्लेट. पुन्हा घ्यायचा तर दुसरी प्लेट चढवायची, तोवर होडी केव्हाच पुढे गेलेली. आपण आज मोबाइलवर एका लाटेचे चाळीस फोटो घेतो, त्यातला एकही नीट बघत नाही. फ्रँक बेकेनने चावा घेण्याआधी जेवढं पाहिलं असेल, तेवढं तरी आपण ही प्लेट खाली ठेवण्यापूर्वी पाहायला हरकत नाही.

तर पुन्हा प्लेटकडे. शिडावरचा आकडा शोधा. उलटा दिसतो आहे? मग मंद बाजू तुमच्याकडे आहे. प्लेट फिरवा. आता सुलटा दिसेल. कितीतरी जुने फोटो छापतानाच उलटे झाले आहेत आणि ते शिडावरच्या आकड्यामुळेच पकडले जातात. उजेड शिडाच्या मागून येत असेल तर पातळ सुती कापडातून पलीकडचा आकडाही आरपार दिसतो, एक सुलटा आणि एक उलटा. दोन्ही बाजूंचे आकडे एकावर एक येऊ नयेत म्हणून उजव्या बाजूचा वर आणि डाव्या बाजूचा खाली लावतात. म्हणजे दोन्हींपैकी सुलटा आकडा वर आहे की खाली एवढ्यावरून होडीची कोणती बाजू आपल्यासमोर आहे ते कळतं.

अशा जुन्या फोटोत आकड्यापुढे नुसतं के हे रोमन अक्षर असेल तर होडी ब्रिटनची. शिडावरच्या चिन्हावरून होडीचा वर्ग कळतो, आकड्यावरून ती एकच होडी. वर्गाच्या नोंदवहीत तो आकडा काढला की होडीचं नाव मिळतं, बांधणारा मिळतो, मालक मिळतो. समजा तो आकडा अव्हेंजरचा निघाला. उफा फॉक्सने काउजमध्ये बांधलेली ही चौदा फुटी. पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर उचलून घसरत जाईल असं तिचं बूड होतं. 1928 मध्ये ती 57 शर्यतींत उतरली, 52 जिंकली, दोनदा दुसरी आली, तीनदा तिसरी. त्यातच पठ्ठ्याने दोन जोडीदार घेऊन ही उघडी होडी इंग्लिश खाडीपार फ्रान्सच्या ल हाव्रला नेली, शर्यती केल्या आणि तशीच परत आणली. आकडा वाचला नसता तर? मग तो फोटो ‘शिडाची होडी, वर्ष अज्ञात’ एवढाच. फोटो तोच, काच तीच, चांदी तीच.

आकडा नसेल तरी हिरमुसू नका, बाकीचं बघा. शीड सुती दिसतं की टेरिलिनचं? टेरिलिन 1950च्या दशकात आलं. डोलकाठी लाकडी की धातूची? एखादा माणूस काठाबाहेर पूर्ण आडवा, तारेला लटकलेला दिसतो? मग जरा सावरून बसा. चौदा फुटी वर्गात ही युक्ती 1938 मध्ये लोस्टॉफ्टच्या प्रिन्स ऑफ वेल्स कपात, थंडर अँड लायटनिंग या होडीवर, पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांनी वापरली. ते जिंकले आणि त्यानंतर त्या वर्गात युक्तीवर बंदी आली. म्हणून चौदा फुटीवर तार दिसली की फोटो बहुधा एक तर त्याच मोसमातला, नाही तर बराच नंतरचा. (हा पीटर स्कॉट म्हणजे दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटचा मुलगा. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाचा पांडा पुढे त्यानेच काढला.)

मला वाटतं, छोट्या होड्यांच्या फोटोंवर एक जुना अन्याय आहे. राजेरजवाड्यांच्या मोठ्या यॉटचे फोटो चौकटीत गेले, पुस्तकांत गेले, नावानिशी राहिले. डिंगी चालवणारे कारकून, शिक्षक, विद्यार्थी. त्यांचे फोटो क्लबच्या माळ्यावर तपकिरी पाकिटांत पडून राहिले आणि पाकिटावर फार तर ‘रविवारची शर्यत’. अमेरिकेत मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयाने 1984 मध्ये यॉटचे फोटो काढणाऱ्या रोझनफेल्ड घराण्याचा सुमारे दहा लाख चित्रांचा संग्रह घेतला, तो नशीबवान. पाकिटांना संग्रहालय नसतं.

अशा पाकिटांतलं एखादं मनातल्या मनात उघडा आणि आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट दर्प आला तर आत अॅसिटेटची फिल्म आहे आणि ती कुजायला लागली आहे. पाया आक्रसतो, वरचा थर आक्रसत नाही, म्हणून थरावर सुरकुत्या आणि नाळ्या पडतात. हा दर्प बाजूच्या चांगल्या फिल्मलाही लागण करतो, तेव्हा ती आधी वेगळी काढायची. पिवळी, चिकट झालेली फिल्म नायट्रेटची असू शकते. ती सहज पेट घेते, तिला जाणत्याच्या हवाली करायचं. गंमत बघा, काच फुटते म्हणून लोक घाबरले आणि फिल्मकडे वळले. आज कित्येक ठिकाणी काच धड आहे आणि तिच्यानंतर आलेली फिल्म मरते आहे.

बाकीचं जपणं तसं साधं आहे. आम्ल नसलेल्या कागदाची चार पाळ्यांची पाकिटं. प्लेटा लांब कडेवर उभ्या, एकीवर एक रचलेल्या नाहीत. हवा थंड आणि कोरडी, कारण ओल आली की बुरशी जिलेटिनवरच जगते. स्कॅन जरूर करा, पण स्कॅन झालं म्हणून मूळ टाकून देऊ नका. फाइलला कॅमेऱ्याने दिलेलं नाव तसंच ठेवलंत तर माळ्यावरचा गोंधळ फक्त संगणकात हलवलात, दुसरं काही नाही. ब्रिटनमध्ये फोटोचा हक्क साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं चालतो, त्यामुळे फोटो कोणी काढला हीसुद्धा नोंद हवीच.

एवढं सगळं झालं तरी एक गोष्ट थंड खोलीत ठेवता येत नाही. सुकाणूवरच्या माणसाचा जोडीदार कोण, हे सांगणारी म्हातारी माणसं. होडीचा आकडा नोंदवहीत सापडतो, जोडीदाराला आकडा नसतो. 1948च्या ऑलिम्पिकमध्ये टॉर्बेच्या पाण्यावर फायरफ्लाय डिंगीत विशीतला पॉल एल्व्हस्ट्रम सुवर्णपदक जिंकला. होडीत एकटाच होता, त्याला ओळखणं सोपं. दोघांच्या होडीत मागे बसलेला लक्षात राहतो, पुढचा पुसला जातो. थंडीत ठेवलेली फिल्म चाळीस-पन्नास वर्षं वाट बघू शकते. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाला तेवढी सवड नाही. म्हणून माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी माणसांना फोटो दाखवा, त्यांचं बोलणं टिपून घ्या, मग स्कॅनर लावा.

हे मुंबईलाही लागू आहे. 1982च्या एशियाडमधल्या शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फायरबॉल डिंगीत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं. त्या पाण्यावर तेव्हा कॅमेरे होते, किनाऱ्यावर माणसं होती, आणि मुंबईचे पावसाळे तेव्हापासून दरसाल त्या फोटोंवरून जात आहेत. तुमच्या घरी, तुमच्या क्लबात किंवा एखाद्या निवृत्त नौदलवाल्या काकांच्या कपाटात शिडाच्या होड्यांचे जुने फोटो असतील तर ते चिकट पानांच्या प्लॅस्टिक अल्बममधून हलक्या हाताने काढा. निघत नसतील तर ओढू नका, पान तसंच राहू द्या. जे निघतील त्यांच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहा: शिडावरचा आकडा, ठिकाण, वर्ष, आणि दोघांची नावं. पुढे बसलेल्याचं आधी. बॉलपेन वापरू नका, आणि हे काम पावसाळ्याआधी उरका.