जून झालेली भाजी

एखादी वस्तू आपल्या उपयोगाची राहिली नाही, म्हणजे तिचे मोल संपले काय? प्रश्न मोठा आहे. आम्ही तो परसातल्या एका वाफ्यापाशी बसून पाहणार आहोत.

बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमाभागात मेथी, चुका, अंबाडी या घरच्या भाज्या. लेट्यूस, म्हणजे सॅलडची कच्ची खावयाची पाने, ही पाहुणी. परंतु थंडीत ती परसातही येते. बी फार बारीक, एका ग्रॅममध्ये सुमारे ८०० ते १,००० दाणे. ते खोल पुरू नये. उगवण्यास उजेडाची मदत होते, म्हणून वरून चिमूटभर माती पुरे. उन्हाळ्यात पेरणे व्यर्थ, कारण ३० अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या मातीत पुष्कळसे बी निजूनच राहते. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की पेरावे आणि वाफा ओलसर ठेवावा. आठवडा-दहा दिवसांत मोड दिसतात. पुढे रोपे वीतभर अंतराने विरळावी. दीड-दोन महिन्यांत पाने खुडता येतात.

मग ऊन तापू लागते आणि रोपाचा स्वभाव पालटतो. मधून दांडा वर जातो, तो मोडल्यास पांढरा चीक येतो, पाने कडू होतात. वल्हांडणाच्या जेवणात कडू भाजी सांगितली आहे (निर्गम १२:८). ती कोणती असावी हे ठरविताना यहूदी शास्त्र्यांनी मिश्नात लेट्यूसचे नाव पहिले घातले. पुढच्या शास्त्र्यांनी कारणही दिले: मिसरातले दिवस असेच होते, आरंभी गोड आणि शेवटी कडू.

आपण म्हणतो, "जून झाली, उपटून टाका." पण रोपाचे स्वतःचे काम आता कोठे सुरू होते. त्याला लहान पिवळी फुले येतात, आणि दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या कापशी तुऱ्याचे बी धरते. असे उडते बी दिसले की मुले "म्हातारी, म्हातारी" म्हणून त्यामागे धावतात. जाणता माणूस सर्वांत आधी फुललेल्या रोपाचे बी ठेवीत नाही. जे सर्वांत उशिरा फुलते त्याचे ठेवतो. म्हणजे सर्वांत चांगले रोप खायचे नाही, आणि कलबुर्गीकडे पारा ४० च्या वर जाऊ लागला असता, घागरभर पाणीही मोजून वापरण्याच्या दिवसांत, ताटात काहीच न देणाऱ्या रोपाला पाणी घालायचे! कोथिंबीर फुलली तर आपण कुरकुरत नाही, कारण धणे मिळणार असतात. ती सहनशीलता व्यवहाराची होय.

आता आपल्या मंडळीकडे पाहू. एखाद्या आजींना ऐकू येत नाही, बोलणे तिखट झाले आहे, मंडळीच्या कामाला हात लागत नाही. घरातली मुले कानडी किंवा इंग्रजी शाळेत जातात. जुनी मराठी गीते चालींसह आजींनाच पाठ आहेत. "त्यांच्यापाशी बी आहे," असे म्हणून आपण त्यांना मान देतो. हे ठीकच, पण येथेही आपण उपयोगच मोजला. ज्यांची आठवण गेली, ज्यांना गाता येत नाही, मुलांची नावेही सांगता येत नाहीत, त्यांचे काय?

येथे रोपाचा दृष्टांत थांबतो. रोपाचे मोल आपण पुढच्या वाफ्यावरून ठरवू शकतो. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे (उत्पत्ति १:२७), आणि ते प्रतिरूप कामावर किंवा स्मरणशक्तीवर अवलंबून नाही. म्हणून त्या खाटेपाशी बसणे, पाणी देणे, नावाने हाक मारणे हे उपकार नव्हेत. ते त्यांचे देणे आहे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी यंदा एका कुंडीत लेट्यूस पेरावी आणि ती कडू झाल्यावरही मुलांकडून पाणी घालवावे. एखादे मूल विचारीलच, "खाता येत नाही, मग पाणी कशाला?" तेव्हा "बियांसाठी" असे उत्तर देण्याची घाई करू नये. त्या प्रश्नावर सर्व वर्गाला थोडा वेळ विचार करू द्यावा.