पदवीआधीचा प्रश्न

झाशीहून कानपूरच्या रस्त्याने निघाले की तीसेक किलोमीटरवर चिरगाव लागते. झाशी म्हटले की मराठी वाचकाला नेवाळकर आणि राणी लक्ष्मीबाई आठवतात. चिरगाव मात्र हिंदी साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असते ते मैथिलीशरण गुप्तांमुळे. ३ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांचा जन्म याच गावात झाला. ‘भारत-भारती’, ‘साकेत’, ‘यशोधरा’ लिहिणाऱ्या या कवीला देशाने ‘राष्ट्रकवी’ म्हटले, १९५४ मध्ये पद्मभूषण दिले, १९५२ पासून १९६४ पर्यंत राज्यसभेत बसवले. हिंदीत एम.ए. करणाऱ्या मुलामुलींच्या पिढ्या त्यांच्या ओळींवर प्रश्नोत्तरे लिहीत आल्या आहेत. आणि त्यांनी स्वतः शालेय शिक्षणही पुरे केले नव्हते. झाशीच्या मॅकडोनल हायस्कुलात त्यांना घातले होते. तिथे मन रमले नाही, ते घरी परतले. पुढे आग्रा विद्यापीठाने त्यांना मानद डी.लिट. दिली.

अशी गोष्ट कानावर आली की आपल्याकडे लगेच एक निष्कर्ष निघतो : पदवीत काय ठेवले आहे? ज्याच्या अंगी आहे तो वर येतोच. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. करावे की नाही या विचारात अडकलेल्या मुलाला वडीलधारी माणसे हेच ऐकवतात. त्याच घरातले दुसरे कोणी म्हणते, ‘आता नोकरी नाहीच, तर एम.ए. करून ठेव, वाया जात नाही.’ दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्ही त्या मुलाला फसवतात. ते कसे, हे चिरगावच्याच उदाहरणातून नीट दिसते.

शाळा सुटली, शिक्षण सुटले नाही

गुप्तांनी शाळा सोडली तेव्हा त्यांच्या हाताशी काय होते ते पाहू. वडील, सेठ रामचरण, स्वतः भक्तिपर कविता करीत. म्हणजे छंद, शब्द, पाठांतर घरातच होते. घर व्यापाऱ्याचे, उद्याच्या भाकरीसाठी पंधराव्या वर्षी कुणाच्या दारात उभे राहायची वेळ नव्हती. संस्कृत आणि बंगाली शिकायला घरी सवड होती, आणि ती बंगाली इतकी पक्की झाली की मायकेल मधुसूदन दत्तांच्या ‘मेघनाद-वधा’चा अनुवाद त्यांनी ‘मधुप’ या नावाने केला. पुढे ‘साहित्य सदन’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था चिरगावातच उभी राहिली. धाकटे बंधू सियारामशरण हेही कवी आणि कादंबरीकार झाले. एकाच घरातून दोन लेखक येतात तेव्हा त्या घराचीही दखल घ्यावी लागते.

पण घराहूनही मोठी गोष्ट एका माणसाच्या रूपाने भेटली. महावीरप्रसाद द्विवेदी रेल्वेच्या नोकरीत झाशीला होते. १९०३ पासून ते ‘सरस्वती’ मासिकाचे संपादक झाले आणि त्यांनी रेल्वे सोडली. रेल्वेत असतानाच मराठी, गुजराती, बंगाली शिकलेला हा माणूस मराठी कविताही वाचत असे. तरुण मैथिलीशरण तेव्हा ब्रजभाषेत लिहीत. द्विवेदींनी त्यांना खडी बोलीकडे वळवले, कविता तपासल्या, सुधारल्या, छापल्या. रामकथेतील उर्मिलेकडे कवींनी पाठ फिरवली, असा लेख ‘सरस्वती’त आला आणि त्या प्रश्नातून वर्षानुवर्षांच्या मेहनतीने ‘साकेत’ घडले. विद्यापीठात ज्याला आपण मार्गदर्शक म्हणतो, तो आणखी काय करतो? विद्यार्थ्याला प्रश्न देतो, कच्चे काम परत पाठवतो आणि पक्के काम जगापुढे ठेवतो.

म्हणून माझे म्हणणे असे की गुप्तांना पदवी नव्हती, पण उत्तम पदव्युत्तर शिक्षण जे देते ते सारे मिळाले होते : वाचायला पुस्तके, वाचण्याइतकी सवड, चूक दाखवणारा गुरू आणि काम जिथे पोहोचायला हवे तिथले दार. ज्याला या चार गोष्टी घरातून किंवा योगाने मिळाल्या, त्याने पदवीवाचून पुढे जावे. ज्याला त्या कुठूनच मिळणार नाहीत, त्याला ‘पदवीत काय ठेवले आहे’ असे सांगणे हा अन्याय आहे.

वडोद्याची दोन टोके

ज्यांच्या घरात सवड नव्हती, ओळख नव्हती आणि समाजाने दारेही बंद केली होती, त्यांनी पदवीकडे कसे पाहिले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांहून मोठे उदाहरण नाही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, प्रबंधाचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवहार. विषयाची निवडच सांगते की हा विद्यार्थी स्वतःचा प्रश्न घेऊन गेला होता : या देशाचा पैसा कसा आला, कसा गेला आणि त्याची किंमत कुणी मोजली.

१९१७ मध्ये ते वडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अमेरिकेत शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी सरायीत आश्रय घेतला, तिथूनही बाहेर काढले गेले. पदवी माणसाला प्रतिष्ठा देते, असे बेधडक सांगणाऱ्यांनी वडोदा विसरू नये. जातीपुढे कोलंबियाची एम.ए. चालली नाही.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, ते याच पदवीच्या बळावर. त्या पगारातली शिल्लक आणि शाहू महाराजांसारख्यांची मदत घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे चलनाच्या प्रश्नावर त्यांनी साक्ष दिली. एक दार बंद राहिले, पण जे दार पदवीशिवाय उघडलेच नसते ते उघडले. त्या दारातून पुढचे शिक्षण आले आणि त्या शिक्षणातून देशाला ऐकावाच लागेल असा शब्द आला.

चिरगावचा कवी आणि वडोद्याहून परतलेला हा विद्यार्थी यांच्यात एक धागा समान आहे. दोघांच्याही पाठीशी कुणी तरी उभे होते, आणि दोघांपुढेही प्रश्न होता. पदवी एकाकडे होती, दुसऱ्याकडे नव्हती.

पदवी दार कुठे उघडते

अर्थशास्त्रात याविषयी दोन मते आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ मधल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक मानली : शिकल्याने कौशल्य वाढते, म्हणून कमाई वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी बाजू मांडली : मालकाला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो, शिकताना कौशल्य फारसे वाढले नाही तरी खूण चालते. प्रत्यक्षात दोन्ही खरे असते. मात्र खुणेची एक अडचण आहे : सगळ्यांच्याच हाती ती आली की तिची ओळख पुसते आणि शर्यत वरच्या पायरीवर सरकते. बी.ए. पुरत नाही म्हणून एम.ए., एम.ए. पुरत नाही म्हणून पीएच.डी.

याचे भयाण चित्र चिरगाव ज्या राज्यात आहे त्याच उत्तर प्रदेशाने २०१५ मध्ये पाहिले. सचिवालयातील शिपायांच्या ३६८ जागांसाठी २३ लाखांहून अधिक अर्ज आले. त्यांत २५५ अर्जदार पीएच.डी. होते. शिपायाच्या कामात कमीपणा काही नाही. पण वर्षानुवर्षे शिकून माणूस जिथून निघाला त्याच दारात परत उभा राहतो, तेव्हा त्याची वर्षे कुणी घेतली, हे विचारायला हवे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. निरक्षर तरुण सुखी आहे असा याचा अर्थ नाही. त्याला बेकार राहणे परवडतच नाही, मिळेल ते काम त्याला करावे लागते. पदवीधर वाट पाहतो. आणि आपल्याकडे पुष्कळदा एम.ए. हे त्या वाट पाहण्याचेच नाव झाले आहे.

पुण्यात सदाशिव-नारायण पेठांतल्या अभ्यासिकांत बसलेल्या किती तरी मुलांचे एम.ए. ‘चालू’ असते. घरी सांगायला काही हवे, वसतिगृहाची खोली हवी, शिष्यवृत्ती हवी, म्हणून प्रवेश घेतलेला असतो. लक्ष राज्यसेवेच्या परीक्षेवर असते. त्या मुलांना मी दोष देत नाही. पण त्यांना हे कुणी तरी स्पष्ट सांगायला हवे की राज्यसेवेला, केंद्रीय नागरी सेवेला, बँकेच्या अधिकारीपदाला कोणत्याही शाखेची पदवी पुरते. तिथे एम.ए.मुळे अर्ज जड होत नाही.

याउलट काही दारे पदव्युत्तर पदवीशिवाय उघडतच नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. हवे. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी हवी आणि त्यावर सेट किंवा नेट. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक म्हणून जायचे तर भूशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. औषधनिर्मितीच्या संशोधन विभागात एम.एस्सी. रसायनशास्त्राला मान आहे. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू.चे क्षेत्रकार्य माणसाला खरोखर घडवते. गेट देऊन एम.टेक.ला गेलेल्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, म्हणजे शिकताना घरावर भार पडत नाही.

पण उघडलेल्या दारामागे काय आहे तेही पाहावे. महाराष्ट्रात सेट-नेट झालेले, कधी पीएच.डी.ही झालेले अनेक शिक्षक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. जेवढे तास शिकवले तेवढेच मानधन, सुट्टीत काही नाही, पुढल्या वर्षीची शाश्वती नाही. वर्गात उभे राहून ते ज्या मुलांना एम.ए.चे महत्त्व सांगतात, त्यांच्यापैकीच काही जण उद्या त्यांच्या रांगेत येणार असतात.

मोजताना काय मोजावे

हिशेब फीचाच करू नये. सरकारी महाविद्यालयात एम.ए.ची फी थोडी असते, म्हणून ते स्वस्त वाटते. समजा, पदवीनंतर कुणाला दरमहा १५,००० रुपयांचे काम मिळत होते; ते सोडून दोन वर्षे शिकले तर ३,६०,००० रुपये गेले, शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव गेला. ज्या घरात धाकट्या भावंडाची फी याच पगारातून जाणार होती, तिथे हा आकडा जीवघेणा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला पदव्युत्तर पदवी एका वर्षात घेता येते. तो पर्याय मिळत असेल तर जरूर पाहावा. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’चा मार्ग दाखवून ठेवला आहे. कमावणे थांबवूनच शिकावे, असे कुठे लिहिलेले नाही.

दुसरीकडे असाही लाभ आहे जो पगारात दिसत नाही. गावाकडच्या पुष्कळ मुलींसाठी एम.ए.ची दोन वर्षे म्हणजे लग्नाचा विषय दोन वर्षे पुढे जाणे. ‘शिकतेय ती’ एवढ्या दोन शब्दांनी घरातले बोलणे थांबते. त्या दोन वर्षांत ती एकटीने प्रवास करते, ग्रंथालयात बसते, स्वतःचे मत मांडायला शिकते, एखादी परीक्षा देते. या शिक्षणाला नोकरीच्या तराजूत टाकून ‘उपयोग नाही’ म्हणणाऱ्याने तिला आधी विचारावे.

म्हणून पदव्युत्तर शिक्षण करिअरसाठी उपयोगी आहे का, याला माझे उत्तर सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, पण ते संदिग्धही नाही. प्रवेश अर्ज भरण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. मला ज्या कामाला जायचे आहे तिथे ही पदवी लागते का, हे जाहिरात वाचून आणि त्या कामात असलेल्या माणसाला भेटून पाहिले का? तिथे दरवर्षी खरोखर भरती होते का? ज्या विभागात प्रवेश घेतो आहे तिथे माझा निबंध वाचून लाल शाईने परत देणारा एक तरी शिक्षक आहे का? आणि दोन वर्षे मनात बाळगावा असा एक प्रश्न माझ्यापाशी आहे का? पहिल्या दोन्हींना ‘हो’ असेल तर पदवी पोटासाठी घ्यावी. पुढच्या दोन्हींना ‘हो’ असेल तर ती नोकरीची हमी नसतानाही घेण्याजोगी आहे, कारण त्यातून घडलेली बुद्धी कुठल्याही कामाला लागते. चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर काम धरावे आणि प्रश्न सापडला की परत यावे. तिशीत एम.ए. करणे ही लाज नाही.

एवढे सारे मुलांवर सोपवून आपण मोकळे होऊ नये. ज्या विद्यापीठात शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, तिथे ‘प्रवेश सुरू’चे फलक लावणे ही मुलांच्या वर्षांची उधळपट्टी आहे. प्रत्येक विभागाने आपले गेल्या पाच वर्षांतले विद्यार्थी आज कुठे आहेत हे प्रवेशपुस्तिकेत छापावे. शासनाने तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना सन्मानाचे वेतन द्यावे आणि रिकाम्या जागा भराव्यात. गुप्तांना द्विवेदी भेटले हा योग होता. विद्यापीठ हे असा योग सर्वांसाठी नियमित घडवून आणण्याकरता असते. ते काम जिथे चालते तिथे कर्ज काढूनही जावे. जिथे ते थांबले आहे, तिथे प्रवेश घेणाऱ्याने आधी हक्काने विचारावे : मला शिकवणार कोण?