तेरड्याचा रंग

माझ्या जळगावच्या घरामागे दोन हात रुंदीची मातीची पट्टी आहे. तीत चार वर्षांपासून रानतेरडा येतो. बी मी विकत आणले नव्हते. भाद्रपदात चाळीसगावहून परतताना रस्त्याकडेच्या चरात एक फुगलेली शेंग दिसली, कुतूहलाने बोट लावले, तो ती फट्‌कन फुटली. तिच्या पाच पाकळ्या आत वळल्या आणि तळहातावर तपकिरी बी उरले. ते रुमालाच्या टोकाला बांधून घरी आणले, एवढेच. बागेतल्या दुहेरी तेरड्याचा थाट याच्यापाशी नाही. एकेरी, गुलाबी, मागे वाकडी शेपटी असलेले साधे फूल! वैशाखात ती पट्टी भाजून निघते, चिंधीएवढीही हिरवळ तिथे नसते. मृगाच्या सरी पडल्या की माझ्या परवानगीवाचून कोंब वर येतात.

या फुलाविषयी आपल्या भाषेने एकच गोष्ट लक्षात ठेवली आहे : तेरड्याचा रंग तीन दिवस. ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना लावीत आलो. गेल्या वर्षी ती मला लागली.

धुळ्याच्या माझ्या एका जुन्या मित्राला अर्धांगवायूचा झटका आला. पहिल्या भेटीत त्याचा निर्जीव उजवा हात हातात घेऊन मी म्हणालो, “दर रविवारी येईन.” दोन महिने गेलोही. एरंडोल, पारोळा करीत नव्वद किलोमीटरचा तो प्रवास मला जाणवतही नसे. मग एक रविवार पावसाने हुकला, एक पाहुण्यांनी. पुढे कारण शोधण्याचीही गरज उरली नाही. काही महिन्यांनी एका लग्नात तो खुर्चीवर बसलेला दिसला. मला पाहून हसला आणि म्हणाला, “काय भाऊ, तेरड्याचा रंग तीन दिवस, नाही का?” त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

घरी आलो आणि तेरड्याचे वकीलपत्र घेतले. पुस्तके चाळली. लिनीअसने १७५३ साली या झाडाच्या कुळाला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थच ‘उतावीळ’, म्हणजे त्यानेही दोषच पाहिला! पण फुलाचे काम बघा. उमलल्यावर पुंकेसरांची एक टोपी स्त्रीकेसरावर बसलेली असते. तेव्हा फूल नुसते पराग देते. मग टोपी गळते आणि ते दुसऱ्याचे पराग घेते. आधी देणे, मग घेणे. थोड्या दिवसांत सगळा व्यवहार पुरा. त्याने आणखी किती थांबावे? कोकणात हाच तेरडा मुळांसकट आणून त्याची गौर मांडतात. तीही तिसऱ्या दिवशी जाते. तिला कोणी चंचल म्हणत नाही. हिंदीत याला गुलमेहंदी म्हणतात, आणि कोरियात तर मुली याच्या पाकळ्यांनी नखे रंगवतात. तो रंग पहिला बर्फ पडेपर्यंत टिकला तर पहिले प्रेम सफळ होते, अशी तिकडची समजूत आहे. आपण ज्याला उडता रंग म्हणतो, तोच तिथे निष्ठेची कसोटी ठरला!

युक्तिवाद मला फार आवडला. तिथेच शंका यायला हवी होती. मी तेरड्याला नव्हे, स्वतःला सोडवीत होतो.

आश्विनात वाळलेली झाडे उपटताना ते ध्यानात आले. फूल गळते, पण देठ जागचा हलत नाही. त्यावर शेंग धरते आणि बी पिकेपर्यंत ते नीरस काम झाड करीत राहते. माझा रंग गेला आणि मागे देठही राहिला नाही. शिवाय तेरड्याने कोणाला शब्द दिला नव्हता. मी दिला होता. करुणेचा पहिला भर ओसरतो, यात पाप नाही. भावना हुकमाने फुलत नाही. पण भावना ओसरणार हे ठाऊक असते, म्हणून तर माणूस वचन देतो. ती जन्मभर टिकती, तर वचनाची गरज काय होती?

त्याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार, अठरा अध्याय. त्यांचा प्रत्येक रविवार सारख्याच उमाळ्याचा असेल, असे मला वाटत नाही. रविवार आला म्हणून अध्याय झाला, हेच मला आता मोठे वाटते.

कार्तिकात मी बियांची पुडी घेऊन धुळ्याला गेलो. क्षमा मागायचे ठरवले होते, ते जमले नाही. त्याने पुडी डाव्या हाताने उघडली, बी पाहिले आणि म्हणाला, “आता जूनपर्यंत यावे लागेल तुला.”

आता दर रविवारी नाही, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी जातो. खरे सांगायचे तर पुष्कळदा कंटाळत जातो. बोलायला फारसे उरलेले नसते. दोघे चहा पितो, खिडकीतली कुंडी बघतो. यंदा मृगानंतर तीत चार रोपे आली. त्यातली दोन त्याने उपटू दिली नाहीत, दाटी झाली तरी.