किल्ली एकाकडे, हक्क दुसऱ्याचा

सोनं गहाण ठेवलं की ते सावकाराच्या तिजोरीत जातं. ज्याचं सोनं, त्याला ते परस्पर विकताच येत नाही. गाडीचं तसं नाही. टेम्पो बँकेच्या आवारात उभा करून ठेवला, तर हप्ते फेडायचे कशातून? म्हणून गाडी कर्जदाराच्या दारात राहते आणि बँकेचा हक्क कागदावर. यालाच हायपोथिकेशन म्हणतात. यात बँकेची सोय आहे आणि कर्जदाराचीही. अडचण होते ती तिसऱ्याची.

असे एक तिसरे माझ्या ओळखीचे आहेत. भाजी विकतात. त्यांनी ओळखीतल्याच एकाकडून जुना तीनचाकी टेम्पो घेतला. "लोन फिटलंय, एनओसी आली की नावावर करू," असं विकणारा म्हणाला. रोख पैसे दिले, स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, किल्ली हातात आली. काही महिन्यांनी फायनान्स कंपनीची माणसं भर बाजारातून टेम्पो घेऊन गेली. विकणारा तोवर खोली सोडून गेला होता. "मी पै न् पै मोजली. मग चोर मी कसा?" त्यांनी मला विचारलं.

चोर ते नव्हतेच. पण १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २७ सांगतं की, काही अपवाद सोडले तर, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त घेणाऱ्याला मिळत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे, आरसीवर कर्जाची नोंद असेल तर कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. फसवणारा पळाला, मागे दोन निर्दोष उरले. नुकसान आलं घेणाऱ्याच्या वाट्याला. हे न्यायाचं आहे का?

कंपनी मोठी आहे, तिनं सोसावं, असं पटकन वाटतं. पण मग ते नुकसान पुढच्या प्रामाणिक कर्जदाराच्या व्याजात जाईल. मला कंपनीची बाजू पटते ती वेगळ्या कारणानं. डेटाबेसमध्ये एखादी नोंद लॉक केली, तर ते लॉक इतरांना कळावं लागतं. न कळणारं लॉक म्हणजे सापळा. आरसीवरची नोंद हे लॉक जाहीर करते. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर 'इतर हक्क' आधी वाचतो. त्यात विकणाऱ्याला अपमान वाटत नाही. तेच गाडीच्या बाबतीत मागितलं की मात्र "माझ्यावर भरवसा नाही का?"

म्हणजे न बघणाऱ्याची चूक? इथं मी अडखळतो. नोंद मला फोनवर दोन मिनिटांत सापडते. त्यांना आरसीवरचं इंग्रजी वाचता येत नाही. 'बघता येत होतं' हे वाक्य आम्हा दोघांना एकाच वजनानं लावता येणार नाही. कायदा प्रत्येकाची कुवत मोजत बसू शकत नाही, हे मान्य. पण त्यामुळं दोष देण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. उलट ज्याला वाचता येतं त्याच्यावर शेजाऱ्यासाठी वाचण्याची जबाबदारी येते.

कर्ज देणाऱ्यावरही एक मर्यादा येते. हक्क गाडीवर आहे, माणसावर नाही. वसुलीसाठी गुंड पाठवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच बजावलं आहे. भर बाजारात चारचौघांसमोर क्रेटमधले टोमॅटो रस्त्यावर उतरवणं कायद्यात बसतही असेल. पण त्याआधी दोन दिवस सांगायला काय हरकत होती?

आता कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मी एवढंच सांगतो: आरसी मला पाठवा. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरा, एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात घ्या, मग उरलेले पैसे द्या. विकणारा प्रामाणिक असेल, तर त्याचं यात काहीच जात नाही.