दावतनामा आणि दरवाजा

दावतनामा हातात असूनही जो मेहमान दरवाजावरच अडवला गेला, त्याच्याबद्दल यजमानाची काही जबाबदारी उरते की नाही? आणि जे आत पोहोचले, त्यांनी दस्तरखानावर निमूट बसावे का? परदेशात भरणाऱ्या तंत्रज्ञान परिषदांनी हा जुना प्रश्न नव्याने समोर ठेवला आहे.

२७ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेने सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. तेव्हा तिथल्या परिषदांवर बहिष्कार टाकण्याच्या आवाहनावर जगभरातल्या हजारो प्राध्यापक-संशोधकांनी सह्या केल्या. ती बंदी २०२१ मध्ये उठली. जून २०२५ मध्ये मोठ्या यादीसह तशीच बंदी पुन्हा आली.

पण अडवणुकीला जाहीर बंदीच लागते असे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये कॅनडात माँट्रियलला कृत्रिम बुद्धिमत्तेवरची 'न्यूरिप्स' ही परिषद भरली. तिथल्या 'ब्लॅक इन एआय' या कार्यशाळेला निघालेल्या अनेक आफ्रिकी संशोधकांना व्हिसा मिळाला नाही. पुढच्या वर्षी व्हँकुव्हरला तेच घडले. तुम्ही मायदेशी परताल याचा भरवसा वाटत नाही, असे काहींना कळवण्यात आले. म्हणजे अक्कल मान्य, नियत मात्र संशयित!

मग जाऊ शकणाऱ्यांनीही घरी बसावे का? बहिष्कारात स्वाभिमान आहे, हे आम्ही मानतो. पण आपण न गेल्याने अडवलेल्याची खुर्ची भरत नाही. शेजारची आणखी एक रिकामी होते. जावे, पण जाणाऱ्याने ती अमानत समजावी. जो येऊ शकला नाही त्याचे काम त्याच्याच नावाने मांडावे आणि तो का आला नाही, हेही भर सभेत सांगावे.

यजमानाचे कर्तव्य याहून मोठे आहे. मेहमान येऊ शकत नसेल तर दस्तरखान त्याच्या अंगणात न्यावा. 'आयसीएलआर' ही परिषद २०२० मध्ये इथिओपियात अदिस अबाबाला भरायची होती. कोरोनामुळे ती ऑनलाइन झाली. पण मे २०२३ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात भरली. जागा बदलता येते, हे सिद्ध झाले.

उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही रोज सांगतो, "बच्चो, इल्म हासिल करा, दरवाजे उघडतील." हे अर्धेच खरे आहे. आणि उरलेल्या अर्ध्यात आम्हीही कसूरवार आहोत.

एका वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने विज्ञान प्रदर्शनासाठी सुरेख प्रतिकृती बनवली. प्रदर्शन जिल्ह्याच्या गावी होते, मुक्काम करावा लागणार होता. घरून इजाजत मिळाली नाही. आम्ही अस्खलित मराठी बोलणारा दुसरा मुलगा पाठवला. तो छान बोलला. तिचे नाव मात्र कुणी घेतले नाही. त्यानेही नाही आणि सोबत गेलेल्या आम्हीही नाही. परतल्यावर तिने एवढेच विचारले, "सर, मेरा नाम बताया था ना?"

दूरच्या देशांच्या व्हिसा कचेऱ्यांवर बोट ठेवणे सोपे आहे. पण तिच्या अब्बांना भेटायला आम्ही एकदाही गेलो नव्हतो. दरवाजा बंद करणारे दुसरे होते. तो ठोठावायचा आमचा हात मात्र उठलाच नाही.